सिंहाचे क्लोज-अप: फ्रेम कशी धरायची, क्रॉप कुठे करायचा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंहाच्या चेहऱ्याच्या फोटोंबद्दल येणारे बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच जागी येतात: कडा कुठे ठेवायची? खालचे प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा आलेले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. आकडे ३६ × २४ मिमी सेन्सरच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्याचे आहेत. वेगळे असतील तिथे तसं सांगितलं आहे.

१. क्लोज-अप म्हणजे नक्की किती जवळचा फोटो?

तीन पायऱ्या धरा: डोकं आणि खांदे, फक्त चेहरा, आणि चेहऱ्याचा किंवा अंगाचा एखादाच भाग. फ्रेममध्ये किती मावेल याचा हिशोब सोपा आहे. सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ, गुणिले अंतर. ६०० मिमी लेन्सने १५ मीटरवरून ९० सेंमी रुंद आणि ६० सेंमी उंच भाग मावतो. ४०० मिमीने १० मीटरवरूनही तेवढाच. एवढ्या जागेत सिंहिणीचं डोकं आणि मान बसते. भरगच्च आयाळीचा नर मात्र वर-खाली कडेला भिडायला लागतो. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर असेल तर आलेली रुंदी १.५ ने भागा, कॅननच्या एपीएस-सीला १.६ ने.

जंगलात जाण्यापूर्वी आपल्या लेन्सचे १०, २० आणि ३० मीटरचे आकडे पाठ करून ठेवा. प्राणी समोर आल्यावर गणित सुचत नाही.

२. जागेवरच घट्ट फ्रेम करू की मोकळी ठेवून नंतर कापू?

थोडी मोकळी ठेवा आणि नंतर ठासून कापा. चारही बाजूंना साधारण दहा टक्के जागा सोडली की पुरे. त्याची किंमत अशी: लांबी-रुंदी ८० टक्के उरते, म्हणजे पिक्सेल ६४ टक्के. २४ मेगापिक्सेलचे सुमारे १५ राहतात, ४५ चे सुमारे २९. हे परवडतं. सिंहाने अचानक डोकं वळवलं आणि कान कडेबाहेर गेला, तर तो परत आणता येत नाही.

उलट टोकाची सवयही वाईट. "नंतर बघू" म्हणून सिंह फ्रेमच्या मधोमध लहानसा ठेवून दिला की फोकस पॉइंट चेहऱ्यावर नेमका बसत नाही, पार्श्वभूमीकडे लक्ष जात नाही, आणि क्रॉपनंतर हातात उरतात तीन-चार मेगापिक्सेल. मोकळीक म्हणजे कडेची जागा, आळस नव्हे.

३. जास्तीत जास्त किती क्रॉप चालतो?

फोटो कुठे वापरणार त्यावर आहे. १२ × १८ इंची प्रिंट ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) हवी असेल तर ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फाइलमध्ये (६००० × ४०००) कापायला जवळपास काहीच उरत नाही. तीच प्रिंट २०० पीपीआयने ३६०० × २४०० मध्ये होते, आणि हातभर लांबून पाहणाऱ्याला फरक सहसा कळत नाही. मोबाईलवर दाखवायच्या उभ्या फोटोला १०८० × १३५० पुरतात.

क्रॉपने पिक्सेल कमी होतात हे सगळ्यांना माहीत असतं. नॉइज (दाणेदारपणा) वाढतो हे मात्र विसरलं जातं. लांबी-रुंदी निम्मी केली तर सेन्सरचा चौथा हिस्साच वापरला जातो, आणि त्याच आकारात पाहताना नॉइज दोन स्टॉप वाढल्यासारखा दिसतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). आयएसओ १६०० चा फोटो ६४०० सारखा. म्हणून भर उन्हातला फोटो निम्मा कापला तरी टिकतो. सूर्य उगवण्याआधीचा, आयएसओ आधीच चढलेला फोटो त्याच क्रॉपमध्ये दाणेदार होतो. फोटो निम्मा कापूनही चेहरा लहानच वाटत असेल, तर तो क्लोज-अप म्हणून सोडून द्या आणि परिसरासकट सिंह म्हणून बघा. तो फोटो बहुधा आधीपासून तसाच चांगला असतो.

४. टेलिकन्व्हर्टर लावू की क्रॉप करू?

टेलिकन्व्हर्टर म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारं, फोकल लेंग्थ वाढवणारं जोडभिंग. १.४ चा कन्व्हर्टर एक स्टॉप प्रकाश खातो, २ चा दोन स्टॉप. १.४ एवढाच परिणाम क्रॉपने मिळवायचा तर निम्मे पिक्सेल जातात. लेन्स एफ/२.८ किंवा एफ/४ ची असेल आणि उजेड बरा असेल तर कन्व्हर्टर. एफ/६.३ च्या झूमवर कन्व्हर्टर लावला की एफ/९ होतं, ऑटोफोकस रेंगाळतो आणि शटर स्पीड घसरतो. तिथे क्रॉप बरा. धूळ उडत असताना चालत्या गाडीत कन्व्हर्टर काढ-घाल करू नका.

५. कॅमेऱ्यातला क्रॉप मोड वापरला तर फायदा होतो का?

जास्तीचा तपशील मिळत नाही. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा १.५ च्या क्रॉप मोडमध्ये साधारण १९ मेगापिक्सेलची फाइल देतो, आणि तेवढीच फाइल नंतर कापूनही मिळते. फाइल लहान होते, बफर लवकर भरत नाही, मिररलेस कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरमध्ये चेहरा मोठा दिसतो, हे खरे फायदे. पण बाहेरची जागा कायमची जाते, आणि प्रश्न २ मधली दहा टक्क्यांची सोयही तिच्याबरोबर. सिंह झोपलेला असेल तर हरकत नाही. उठून चालायला लागला की मोड बंद करा.

६. डोळा शार्प येतो पण नाक धूसर. अ‍ॅपर्चर किती ठेवू?

सिंहाचं थोबाड लांब असतं. समोरून पाहिलं तर नाकाच्या टोकापासून डोळ्यापर्यंत जवळपास वीतभर खोली आहे. वर सांगितलेल्या फ्रेममध्ये (६०० मिमी, १५ मीटर) एफ/४ ला डेप्थ ऑफ फील्ड (शार्प दिसणारी खोली) सुमारे १५ सेंमी मिळते, एफ/५.६ ला २१, एफ/८ ला ३०. ही खोली फोकसच्या पुढे-मागे साधारण निम्मी-निम्मी वाटली जाते. म्हणजे डोळ्यावर फोकस करून एफ/४ ठेवलं तर पुढे सात-आठ सेंमीच मिळतात आणि नाक हमखास बाहेर जातं. एफ/८ ला नाक बरंचसं आत येतं.

४०० मिमी घेऊन १० मीटरवर गेलं तरी आकडे हेच राहतात. फ्रेममध्ये डोकं तेवढंच मोठं असेल तर लेन्स बदलून खोली वाढत नाही. अ‍ॅपर्चरच बंद करावं लागतं. शिवाय क्रॉप केल्यावर चित्र जास्त मोठं करून पाहिलं जातं, त्यामुळे धूसरपणा ठळक होतो. लांबी-रुंदी निम्मी केली तर वरची खोलीही निम्मी समजा. खूप कापायचं हे आधीच ठरलं असेल तर एक स्टॉप जादा बंद करा.

आम्ही कशाला महत्त्व देतो ते सांगायचं तर: आधी जवळचा डोळा, मग दुसरा डोळा, मग नाक. धूसर नाक खपतं. धूसर डोळ्याचा फोटो नाक कितीही शार्प असलं तरी वाया जातो. चेहरा तीन-चतुर्थांश वळलेला असेल तर दोन्ही डोळ्यांसाठी एफ/८ लागेलच. अगदी समोरून असेल तर दोन्ही डोळे एकाच प्रतलात येतात आणि एफ/४ लाही शार्प मिळतात.

७. डोळे फ्रेममध्ये कुठे ठेवायचे? रूल ऑफ थर्ड्स पाळायचा का?

फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून विषय त्या रेषांवर ठेवायचा, हा तो नियम. बाजूने किंवा तीन-चतुर्थांश वळलेल्या चेहऱ्याला पाळा. डोळे वरच्या एक-तृतीयांश रेषेजवळ, आणि नजरेच्या दिशेला मागच्यापेक्षा दीडपट ते दुप्पट जागा. समोरासमोर बघणाऱ्या सिंहाला हा नियम लावायचा अट्टहास करू नका. त्या चेहऱ्यात मुळातच डावी-उजवी समतोल असते, आणि तो चेहरा बाजूला सरकवला की फोटो चुकून कापल्यासारखा दिसतो. नाकाचा कणा बरोबर मधल्या उभ्या रेषेवर ठेवा. दोन बोटं इकडे-तिकडे चालत नाही. एकतर काटेकोर मध्य, नाहीतर स्पष्टपणे बाजूला.

नजरेपुढची जागा उलटवण्याचे प्रसंगही येतात. सिंह निघून चालला आहे आणि मान वळवून मागे बघतो आहे, तेव्हा चालण्याची दिशा आणि नजरेची दिशा वेगळ्या असतात. क्लोज-अपमध्ये नजर जिंकते.

८. नराची आयाळ कापली तर चालते का?

चालते, पण अर्धवट नाही. सर्वांत जास्त फोटो इथेच बिघडतात. आयाळ तीन बाजूंनी पूर्ण आहे आणि चौथीकडे दोन बोटं कापली गेली आहे, तर ती कापलेली बाजूच आधी दिसते. कडेला नुसती चिकटलेली आयाळ त्याहून वाईट. पर्याय दोनच:

पूर्ण आयाळ ठेवायची तर तिच्याभोवती हवा हवी, निदान फ्रेमच्या रुंदीच्या पाच-सहा टक्के. हनुवटीखालची दाढी आणि छातीवर उतरणारे केस सहसा विसरले जातात. लक्ष डोळ्यांवर असतं, आणि खालची कड दाढीतून जाते.

कापायची तर तिन्ही बाजूंनी भरपूर आत या, इतके की बघणाऱ्याला शंका राहू नये. वरची कड कपाळाच्या वर, बाजूच्या कडा केसांच्या दाटीत, खालची हनुवटीच्या खाली थोडी. अशा फ्रेममध्ये आयाळ ही चेहऱ्याची चौकट होते आणि पार्श्वभूमी उरतच नाही. मागे गाड्या असतील, पांढरं आकाश असेल, तर हाच क्रॉप घ्या.

हनुवटी मात्र सोडू नका. खालच्या ओठाची आणि हनुवटीची पांढुरकी कड कापली की चेहरा लटकल्यासारखा दिसतो. कपाळ कापलेलं डोळा सहज स्वीकारतो, हनुवटी कापलेली नाही.

गडद आयाळ फ्रेमभर असेल तर मीटर फसतो आणि चेहरा उजळ येतो. ०.३ ते ०.७ स्टॉप कमी ठेवा, आणि डोळ्यांखालचे पांढरे पट्टे व हनुवटी उडालेली (तपशील जाऊन पांढरीफटक झालेली) नाही हे हिस्टोग्राममध्ये (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात) बघा.

९. सिंहिणीचे कान नेहमी अडचण करतात. काय करायचं?

आयाळ नसल्यामुळे सिंहिणीच्या डोक्याची बाह्यरेषा कानच ठरवतात. दोन्ही कान पूर्ण आत ठेवा, किंवा दोन्ही बाहेर ठेवून भुवयांच्या जवळ कापा. एक आत आणि एक अर्धा, हे फक्त बाजूच्या चेहऱ्यात चालतं, कारण तिथे दुसरा कान तसाही लपलेला असतो. गीरच्या नरांनाही हाच नियम लावा: आशियाई सिंहाची डोक्यावरची आयाळ आफ्रिकी नरापेक्षा विरळ असते आणि कान बाहेर दिसतात. प्रश्न ८ मधला घट्ट क्रॉप त्यांच्यावर करताना कानांची टोकं अर्धी कापली जात नाहीत ना ते पाहा.

कान मागे पाडलेले असतील तर कानांसाठी सोडलेली वरची जागा रिकामी वाटते. तेवढी खाली आणा.

१०. पाय, पंजे आणि शेपटी कुठे कापावी?

सांध्यावर कधीच नाही. मनगट, कोपर, ढोपर, घोटा या जागी कड आली की अवयव तुटलेला वाटतो. दोन सांध्यांच्या मध्ये कापा. पंजा दिसत असेल तर पूर्ण ठेवा, नखांच्या पुढे थोडी जमीनही. बसलेल्या सिंहाचे पंजे गवतात बुडालेले असतील तर खालून कापायला मोकळीक मिळते.

शेपटीचा गोंडा एकतर पूर्ण आत, नाहीतर शेपटी बुडापाशीच बाहेर. नुसता गोंडा कोपऱ्यातून डोकावत असेल तर तो दुसऱ्याच प्राण्याचा वाटतो.

११. जांभईचा फोटो नेहमी कापला जातो. का?

कारण जांभईत चेहऱ्याचा आकारच बदलतो. खालचा जबडा खूप खाली जातो, डोकं मागे कलतं, कान मागे पडतात. शांत चेहऱ्यावर घट्ट बेतलेली फ्रेम वर-खाली दोन्हीकडे अपुरी पडते. झूम असेल तर लगेच २५-३० टक्के मागे या. प्राइम (झूम नसलेली लेन्स) असेल तर कॅमेरा उभा धरा. १/१००० च्या वर शटर, एफ/८, आणि सलग बर्स्ट.

सिंह दिवसातले वीसेक तास पडून असतात, आणि उठण्याआधी बरेचदा लागोपाठ जांभया देतात. पहिली हुकली तर कॅमेरा खाली ठेवू नका. सुळे सगळ्यात जास्त दिसतात तेव्हा डोळे बहुधा मिटलेले असतात. डोळे उघडे हवे असतील तर सुरुवातीच्या किंवा शेवटच्या दोन-तीन फ्रेम तपासा.

"डरकाळी" म्हणून दाखवले जाणारे निम्मे फोटो जांभईचेच असतात. खरी डरकाळी देताना सिंह डोकं पुढे नेतो, तोंड अर्धवट उघडतो आणि पोट आत-बाहेर होतं. क्लोज-अपमध्ये ती जांभईपेक्षा सौम्य दिसते. नर हुंगून ओठ वर दुमडतो आणि नाक मुरडतो, तो तिसराच प्रकार. काही क्षण टिकतो, त्यामुळे फ्रेम करायला वेळ मिळतो. कॅप्शन लिहिताना या तिन्हींची गल्लत करू नका.

१२. जिप्सीतून घेतलेले फोटो वरून घेतल्यासारखे येतात. क्रॉपने सुधारतील का?

नाही. क्रॉपने कोन बदलत नाही. उघड्या गाडीत उभं राहिलं की लेन्स जमिनीपासून साधारण दोन मीटरवर असते; पडलेल्या सिंहाचं डोकं ६० सेंमीवर. ५ मीटरवरून हा कोन सुमारे १६ अंश होतो, म्हणजे डोळ्यामागे फक्त माती. १० मीटरवर ८, २० मीटरवर ४ अंश. थोडं लांब थांबून लांब लेन्सने किंवा क्रॉपने घेतलेला फोटो जवळून घेतलेल्यापेक्षा चांगला दिसतो, तो या कोनामुळे. सीटवरून गाडीच्या तळाशी बसलात तर अर्धा मीटर कमी होतो आणि १० मीटरवरचा कोन पाच अंशांवर येतो. गाडीतून उतरणं किंवा बाहेर वाकणं हा पर्याय नाही. नियमाने नाही, आणि सिंहाच्या स्वभावानेही नाही.

सिंह उंचवट्यावर, बांधावर किंवा पडलेल्या खोडावर असेल तर हा प्रश्नच राहत नाही. चालकाला "जवळ घ्या" म्हणण्याऐवजी "थोडं मागे, खालच्या बाजूला घ्या" म्हणून बघा.

१३. सिंह गाडीशेजारून गेला आणि फोकसच झाला नाही.

६०० मिमी एफ/४ लेन्स साधारण सव्वाचार-साडेचार मीटरच्या आत फोकस करत नाहीत. शिवाय लेन्सवरचा फोकस लिमिटर (फोकसचा पल्ला मर्यादित करणारा खटका) दूरच्या बाजूला असेल तर ही मर्यादा आणखी वाढते. सिंह गाडीकडे चालत येताना लिमिटर "फुल"वर आणा. तो फार जवळ आला की हाताशी ७०-२०० किंवा १००-४०० असेल तर वापरा, नाहीतर कॅमेरा खाली ठेवून बघा. एवढ्या जवळून वरून घेतलेला चेहरा क्वचितच चांगला येतो (प्रश्न १२).

१४. गवत आणि सिंह एकाच रंगाचे. चेहरा उठून कसा दिसेल?

रंगाने नाही, उजेडाने आणि अंतराने. सिंह आणि मागचं गवत यांत दहा-पंधरा मीटर अंतर असेल तर एफ/५.६ लाही मागचं विरघळतं. सिंह गवतात टेकून बसला असेल तर एफ/२.८ सुद्धा उपयोगी नाही. गाडी दोन मीटर पुढे-मागे घेऊन मागे सावलीतलं झुडूप आणता येतं का पाहा. गडद पार्श्वभूमीवर सोनेरी कड आपोआप उठते. सकाळी सूर्य मागून असेल तर आयाळीच्या कडा पेटतात, चेहरा मात्र काळवंडतो. तेव्हा चेहऱ्यासाठी अर्धा ते एक स्टॉप वाढवा आणि कडा थोड्या उडाल्या तरी उडू द्या.

चेहऱ्यासमोरच्या गवताच्या काडीवर कॅमेऱ्याचं आय डिटेक्शन फसतं. सिंगल पॉइंट घ्या आणि काड्यांच्या फटीतून डोळ्यावर टेकवा. काडी डोळ्यावरून जात असेल तर थांबा. गालावरून जात असेल तर राहू द्या. तो सिंहाचाच परिसर आहे.

१५. आडवा, उभा की चौकोनी?

चेहरा समोरून: उभा ४:५ किंवा चौकोन. बाजूने: ३:२. डोकं पंजांवर टेकून पडलेला सिंह: १६:९, किंवा सरळ २:१. फक्त डोळ्यांची पट्टी: ३:१ पर्यंतही.

आडव्यातून उभा काढताना हिशोब ठेवा. ६००० × ४००० मधून ४:५ चा उभा क्रॉप ३२०० × ४००० येतो, जेमतेम १३ मेगापिक्सेल; २:३ चा पावणेअकरा. दोन्ही हवे असतील तर लेन्सची कॉलर (ट्रायपॉडला जोडायचं कडं) सैल करून कॅमेरा फिरवा आणि दोन्ही घ्या.

१६. क्लोज-अपमध्ये क्षितिज नसतं. मग फोटो तिरका आहे हे कळणार कसं?

मागची झाडांची खोडं, पाणवठ्याची कड, पाण्यातलं प्रतिबिंब. प्रतिबिंब नेहमी बरोबर खाली पडतं, तेव्हा पाणी पिणाऱ्या सिंहाचा डोळा आणि त्याचं प्रतिबिंब एका उभ्या रेषेत आणा. दोन डोळ्यांची रेषा आडवी करायचा मोह टाळा. सिंह डोकं कलवतो, तो कल भावाचा भाग आहे. तो सरळ केला की मागची सगळी झाडं पडायला लागतात.

फिरवण्याची किंमतही लक्षात ठेवा. ३:२ च्या फोटोत तीन अंश फिरवून तेच प्रमाण ठेवलं तर सुमारे १४ टक्के पिक्सेल कोपऱ्यांतून जातात. घट्ट फ्रेममध्ये त्यात कान जातो.

१७. दोन सिंह, छावे, मध्येच तिसऱ्याचा कान. काय ठेवू?

तिसऱ्याचा नुसता कान, पाठ किंवा पाय असेल तर बाहेर काढा. डोळा दिसत असेल तर तिसऱ्याला पूर्ण आत घ्या. मधला मार्ग नाही.

दोन डोकी शार्प हवी असतील तर ती सेन्सरशी समांतर येईपर्यंत थांबा. सिंहीण छाव्याला चाटते तेव्हा दोघांची डोकी क्षणभर एका प्रतलात येतात. एफ/८ लाही त्याच क्षणाची गरज असते, कारण ३० सेंमी खोली दोन डोक्यांना एरवी पुरत नाही. नाही जमलं तर छाव्याच्या डोळ्यावर फोकस करा, सिंहीण धूसर राहू द्या. उलट केलं तर छावा नुसता लोकरीचा गोळा दिसतो.

जोडा जमलेला असेल तर समागम दर पंधरा-वीस मिनिटांनी होतो. शेवटी नर-मादी दोघं दात दाखवतात आणि मादी झटक्यात वळते. घट्ट फ्रेम इथे हमखास हुकते; दोन डोक्यांना लागते त्याच्या दुप्पट रुंद धरा आणि नंतर कापा.

१८. फक्त डोळा, मिशा किंवा पंजा असा फोटो घेताना काय बघायचं?

डोळ्यात: सिंहाची बाहुली गोल असते, मांजरासारखी उभी चीर नाही. भर दुपारी ती टाचणीच्या डोक्याएवढी होते आणि नजर कठोर दिसते, उजेड उतरला की मोठी होऊन मवाळ. दुपारी भुवईची सावली डोळ्यावर पडते. डोकं जरा वर उचललं की बाहुलीत आकाशाचा ठिपका येतो, तेव्हाच शटर दाबा. फक्त डोळ्याच्या क्रॉपमध्ये खालचा पांढरा पट्टा आणि नाकाकडे जाणारी काळी रेघ दोन्ही ठेवा, त्याशिवाय तो कोणाचा डोळा हे कळत नाही.

मिशांत: वरच्या ओठावर मिशांच्या मुळाशी काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. सर्वांत वरच्या ओळीतले आणि तिच्या वरचे ठिपके प्रत्येक सिंहाचे वेगळे असतात, आणि त्यावरून सिंह ओळखण्याची पद्धत १९७० पासून अभ्यासक वापरतात. डावी आणि उजवी बाजू सारखी नसते. म्हणून क्रॉप काहीही करा, दोन्ही बाजूंच्या मूळ फाइल जपून ठेवा. कानाच्या खाचाही ओळख पटवायला लागतात.

माश्या, ओरखडे, शिकारीनंतरचं रक्त: राहू द्या.

१९. लाइटरूम क्लासिकमध्ये (फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) क्रॉप करण्याचा क्रम काय ठेवावा?

आधी व्हर्च्युअल कॉपी करा, म्हणजे एकाच फाइलचे दोन-तीन क्रॉप शेजारी ठेवून बघता येतात. 'आर' ने क्रॉप उघडा, आधी तिरकेपणा काढा, मग प्रमाण ठरवा, शेवटी कडा सरकवा. उलट केलं तर फिरवताना ठरवलेली कड परत हलते. 'एक्स' ने आडव्याचा उभा होतो, 'ओ' ने मदतरेषा बदलतात. 'एल' दोनदा दाबलं की बाजूचं सगळं काळं होतं, आणि कडेला चिकटलेली आयाळ तेव्हा लख्ख दिसते.

मग चार कडांवरून एकदा नजर फिरवा, चेहरा न बघता. उजळ ठिपका, अर्धी काडी, कापलेली मिशी, सगळं तिथेच सापडतं. शार्पनिंग अंतिम आकार ठरल्यावर. फोटोशॉपमध्ये कापत असाल तर "डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स"ची खूण काढून ठेवा, नाहीतर कापलेलं परत मिळत नाही.

२०. क्रॉप केल्यावर फोटो मऊ वाटतो. चूक कुठे झाली?

१०० टक्क्यांवर बघा. फोटोत कुठेतरी शार्प गवत दिसत असेल आणि डोळा मऊ, तर फोकस चुकला. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं असेल तर कॅमेरा हलला: इंजिन चालू होतं किंवा शेजारचा हलला. बीन बॅग, इंजिन बंद, पडलेल्या सिंहाला १/५००, चालणाऱ्याला १/१०००, आयाळ झटकताना १/२०००. आणि सगळंच पाण्याखाली असल्यासारखं डळमळलेलं असेल तर ती तापलेल्या जमिनीवरची हवा आहे. दहानंतर उन्हात ५० मीटरवरून घेतलेला फोटो महागडी लेन्सही वाचवत नाही, आणि असा फोटो क्रॉप करणं म्हणजे ती हवाच मोठी करणं. त्यावर उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही, घड्याळात आहे.

२१. एआयने मोठा केला, किंवा कापलेला कान एआयने पुरा केला तर?

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अ‍ॅडोबीची सुपर रिझोल्यूशनसारखी सोय लांबी आणि रुंदी दुप्पट करते, म्हणजे पिक्सेल चौपट. शार्प रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर) ती उपयोगी पडते. मऊ फाइलवर केसांऐवजी प्लास्टिकचे धागे दिसतात. कान पुरा करणं म्हणजे नसलेला कान काढणं. ते चित्र असेल, वन्यजीव छायाचित्र नव्हे. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत क्रॉप चालतो. काही घालणं किंवा काढणं चालत नाही, आणि पुढच्या टप्प्यात मूळ रॉ फाइल मागतात. म्हणून गवताची काडीही स्पर्धेच्या प्रतीतून पुसू नका. ती क्रॉपने बाहेर जात असेल तर हरकत नाही.

२२. मोबाईलने क्लोज-अप जमेल का?

मोबाईलमध्ये वेगळी टेली लेन्स असेल तर तिच्या मूळ पटीपर्यंत. त्यापुढचा झूम हा क्रॉपच असतो, आणि लहान सेन्सरवर तो फार लवकर उघडा पडतो. मूळ पटीत घ्या, चेहऱ्यावर बोट टेकवून एक्सपोजर थोडं खाली ओढा, आणि नंतर स्वतः कापा. निदान कड कुठे ठेवायची हे तुमच्या हातात राहतं.

२३. प्राणिसंग्रहालयात जाळीतून फोटो घेतो. जाळीच्या रेषा क्रॉपने जातील का?

चेहऱ्यावरून गेलेली रेषा क्रॉपने जात नाही. लेन्स जाळीच्या शक्य तितकी जवळ न्या, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, आणि सिंह जाळीपासून निदान पाच-सहा मीटर लांब जाईपर्यंत थांबा. जाळीवर ऊन पडलं असेल तर ती पांढुरकी धूळ बसल्यासारखी उतरते. सावलीतला भाग शोधा. मागची जाळी राहिलीच तर प्रश्न ८ मधला घट्ट क्रॉप घ्या. आणि कॅप्शनमध्ये जागेचं नाव लिहा. घट्ट क्रॉपमुळे तो सिंह जंगलातला वाटू शकतो, आणि तसं वाटू देणं बरोबर नाही.